फ्रेम बघ, मग बोल

प्रिय पोरी,

अ‍ॅनिमेशनच्या नोकरीच्या मुलाखतीत आवडता सिनेमा विचारला, तू ‘फायनल फँटसी: द स्पिरिट्स विदिन’ म्हणालीस आणि समोरचे हसले. आता विचारतेस, पुढच्या वेळी पिक्सारचं एखादं नाव सांगून मोकळी होऊ का? हो की. नोकरी मिळेलही. पण मला विचारलंस म्हणून मीही विचारतो, हसणाऱ्यांपैकी किती जणांनी तो धड पाहिला होता?

फ्रेम बघ, मग बोल. दुसरं काही मला शिकवता येत नाही.

२००१ चा, माणसांसकट सगळा संगणकावर काढलेला सिनेमा. १३.७ कोटी डॉलर घातले, जगभरातून साडेआठ कोटींच्या आसपास आले, तो बनवणारा होनोलुलूचा स्टुडिओ बंद पडला. हा तोटा सगळ्यांना तोंडपाठ. पण त्यातल्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाच्या, डॉ. सिडच्या कातडीवरचे म्हातारपणाचे डाग कोणाला आठवतात? नायिका अकीच्या डोक्यावर साठ हजार केस, प्रत्येक सुटा हलणारा. एकेक फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे संगणकाने ते एक चित्र पूर्ण काढायला, सरासरी दीड तास. कर हिशोब: सेकंदाला चोवीस फ्रेम, एकाच मशीनवर काढायचं तर पडद्यावरच्या एका सेकंदाला दीड दिवस! आणि आपण दोन तास रेंडर लांबला की चहाला पळतो.

‘कथा कळत नाही’ म्हणे. काय कळत नाही? फँटम, म्हणजे सिनेमात पृथ्वीवर आलेले ते परग्रहावरचे जीव, चढाई करून आलेले नाहीतच. ती एका नष्ट झालेल्या ग्रहाची भुतं आहेत आणि आपण मेलोय हेच त्यांना उमगलेलं नाही. वासना अडकलेला जीव ही गोष्ट आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं, त्याला तोफ डागून काय होणार? जनरल हाइन तरी डागतोच, कारण त्याची बायको-मुलगी फँटमांमुळेच गेलीय. फँटम माणसातून निळसर जीव ओढून काढतो आणि देह जागीच कोसळतो, तो शॉट थांबवून बघ. रक्ताचा थेंब नाही. उन्हाळी हाणामारीच्या सिनेमांच्या गर्दीत हे कोणी करायला धजावलं होतं?

संवाद सपाट आहेत, हो. अकी बोलायला लागली की ओठ मेणाचे वाटतात, तेही खरं. पण हे तू फ्रेम बघून म्हण, कोणाचं ऐकून नको.

‘चेहऱ्यांच्या रिगिंगमध्ये (संगणकावरचा चेहरा हलता यावा म्हणून त्याचे सांधे-दोऱ्या बसवण्यात) कशाला अडकलास, कार्टूनची कामं घेतली असतीस तर आज स्वतःचा स्टुडिओ असता,’ हे मला घरचेही ऐकवतात. असताही. एके ठिकाणी तर ‘खरी माणसंच हवीत तर शूटिंग करू की’ म्हणून माझं काम अर्ध्यातून काढून घेतलं. ते अजून सलतं. पण आज संगणकाच्या करामतीने म्हातारा नट पडद्यावर तरुण दिसतो आणि लोक टाळ्या पिटतात, तेव्हा मला बरं वाटतं. कोणीतरी आधी हात पोळून घेतले होते ना! मी त्यांच्या बाजूचा. हट्टी म्हण हवं तर.

तर नाव बदलू नकोस. कोणी हसलं तर सिडचा एक शॉट काढून समोर ठेव आणि यात काय चुकलंय ते दाखवा म्हण. दाखवलं तर लिहून घे, फुकटात शिकशील.

आणि तुझ्या शोरीलमधल्या (कामाच्या नमुन्यांच्या व्हिडिओतल्या) आजीच्या दोन्ही पापण्या अजून एकदम, खटका दाबल्यासारख्या मिटतात. एक किंचित मागे ठेव. गुरुवारपर्यंत पाठव.

— तुझा सर