विचारा तर खरं : पाण्यात पडलेल्या वस्तू आणि पाणबुडे

प्रश्न : तलावाच्या लाकडी धक्क्यावरून होडीत उतरताना बोटातली सोन्याची अंगठी निसटली. पाणी अंदाजे 3 मीटर, तळाला गाळ. पाणबुडा चार दिवसांनी येणार आहे. तोवर दोरीला लोहचुंबक बांधून बघू का?

उत्तर : कृपा करून नको. सोनं, चांदी, प्लॅटिनम यांतलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. उलट तो तळावर ओढला की अंगठी गाळात आणखी खोल दाबली जाते. दाताळं फिरवणं आणि पाण्यात उतरून पायांनी चाचपणं यांचाही परिणाम तोच. साचलेल्या पाण्यात अंगठी चार दिवसांत आपणहून कुठे जात नाही, तेव्हा तिला आहे तिथेच राहू द्या.

या चार दिवसांत जागा मात्र पक्की करून ठेवा. निसटताना तुमचे पाय ज्या फळीवर होते तिच्यावर खडूनं खूण करा आणि हात कोणत्या बाजूला होता ते लिहून ठेवा. 2 मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे साडेबारा चौरस मीटर तळ. ‘इथेच कुठेतरी’ म्हणून तीच त्रिज्या 6 मीटर झाली, तर 113 चौरस मीटर! फोनच्या नकाशावरच्या टिंबावर विसंबू नका, ते सहज चार-पाच मीटर चुकतं. दोरीला वजन आणि वर रिकामी बाटली बांधून खूण सोडणार असाल, तर दोरी खोलीपेक्षा जेमतेम लांब ठेवा. 3 मीटर पाण्यात 6 मीटर दोरी सोडली, तर बाटली वजनापासून 5 मीटर दूर तरंगू शकते आणि पाणबुडा भलतीकडेच उतरतो.

तो आला की शोध कसा घेणार ते आधी विचारा. गढूळ पाण्यात सहसा गोल शोध घेतात. मधोमध जड वजन टाकतात, त्याला अर्ध्या अर्ध्या मीटरवर गाठी मारलेली दोरी बांधतात आणि एकेक गाठ पुढे सरकत फेरे घेतात. यात दोन चुका नेहमी होतात. पाण्यात काही दिसत नसलं की फेरा कुठे पुरा झाला ते कळत नाही आणि तळाचा एक पाचरीसारखा तुकडा बघायचा राहून जातो. म्हणून सुरुवातीच्या जागी तळात एक काठी रोवायची. दुसरी चूक म्हणजे दोरी दगडाला किंवा खांबाला अडकते, त्या बाजूचं वर्तुळ आखूड होतं आणि ते पाणबुड्याच्या ध्यानातही येत नाही.

अंगठीसाठी पाण्याखाली चालणारा मेटल डिटेक्टर हवाच. अंगठीएवढी वस्तू त्याला साधारण वीतभर खोल गाळापर्यंतच कळते. धक्क्याचे खिळे नि पट्ट्या लोखंडी असतील, तर खांबाजवळ तो सारखा वाजत राहतो. तिथे लहान कॉइल (डिटेक्टरची तळावर फिरवायची चकती) किंवा पिनपॉइंटर म्हणजे हातात मावणारा छोटा डिटेक्टर लागतो. आवाज आला म्हणून खणायचं नाही. तळहातानं हळूहळू वारा घातल्यासारखा गाळ उडवायचा, मग मूठभर गाळ उचलून डिटेक्टरसमोर धरायचा. वाजला तर अंगठी मुठीत आहे, नाही वाजला तर अजून खड्ड्यात. मूठ पाण्यात उघडायची नाही. ती जाळीच्या पिशवीत रिकामी करायची आणि गाळ तिथेच धुवायचा.

प्रश्न : बंधाऱ्याच्या दरवाजाजवळ किल्ल्यांचा जुडगा पडला. पाणबुडा म्हणतो, दरवाजा अधिकृतपणे बंद करून घ्या, मगच उतरेन. पट्टीचा पोहणारा एकजण मात्र तसाच बुडी मारायला तयार आहे.

उत्तर : त्याला उतरू देऊ नका. पाणबुड्याचंच बरोबर आहे. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत 3 मीटरचा फरक असेल, तर 30 बाय 30 सेंटीमीटरच्या भोकावर सुमारे 270 किलोचा दाब येतो. जवळ जाईपर्यंत ओढ जाणवतच नाही आणि अंग भोकावर बसलं की कितीही बळकट माणूस सुटत नाही. वरून पाणी अगदी शांत दिसतं, म्हणूनच फसगत होते. बंधारा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडून दरवाजा बंद करून घ्या, त्याला कुलूप लावून घ्या आणि काम संपेपर्यंत कुलपाची किल्ली पाणबुड्याच्या साथीदाराकडे राहू द्या. तसं जमत नसेल, तर किल्ल्यांचा नाद सोडा आणि त्या ज्यांच्या होत्या ती कुलपं बदलून टाका.

प्रश्न : होडीची साधारण 40 किलोची मोटर निखळून 10 मीटर पाण्यात गेली. ती वर कशी आणतात? आणल्यावर पुन्हा चालेल का?

उत्तर : उघड्या पाण्यात जागा धरायची कोळ्यांची जुनी रीत आजही उत्तम आहे. काठावरच्या दोन वस्तू, समजा झाड आणि त्यामागचा खांब, एका रेषेत येतात ते बघायचं. मग साधारण काटकोनातल्या दिशेला अशीच दुसरी जोडी धरायची. दोन रेषा छेदतात तीच जागा.

वर आणण्यासाठी लिफ्ट बॅग, म्हणजे वस्तूला बांधून पाण्याखाली हवा भरायची पिशवी, वापरतात. 1 लिटर हवा साधारण 1 किलो उचलते, म्हणून इथे 50 लिटरची बॅग पुरे. मात्र मोटर गाळात रुतलेली असेल, तर हवा भरत जाण्याआधी तिच्याभोवतीचा गाळ मोकळा करायला हवा. नाहीतर गाळाची पकड एकदम सुटते आणि बॅग सुसाट वर येते. 10 मीटरवरची हवा पृष्ठभागी येईतो दुप्पट फुगते, तेव्हा बॅगेला हवा सोडायची झडप हवी आणि त्या वेळी वर-खाली कोणी थांबता कामा नये.

वर आल्यावर घाई करायची ती मेकॅनिककडे नेण्याची. गंज हवा लागली की चढतो, म्हणून मेकॅनिक लगेच मिळणार नसेल तर मोटर गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा. बुडताना ती चालू होती का, हे मेकॅनिकला आवर्जून सांगा. चालू असेल, तर सिलिंडरमधल्या पाण्यानं कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकलेला असू शकतो. स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर काढण्याआधी मोटर सुरू करायची दोरी ओढायचीच नाही.

प्रश्न : ‘सापडलं तरच पैसे’ असं ठरवावं का?

उत्तर : आम्हाला ही पद्धत पटत नाही. हवा संपत आली तरी ‘अजून एक फेरा’ घ्यायचा मोह तिच्यामुळे होतो. येण्याचे आणि ठरल्या तासांचे पैसे वेगळे, सापडल्यास बक्षीस वेगळं, असं कागदावर लिहून घ्या. काठावर दोर धरणारा साथीदार आणि गरज पडली तर उतरायला तयार असा दुसरा पाणबुडा, एवढी माणसं नसतील तर काम देऊ नका. जलाशयाच्या व्यवस्थापनाची परवानगी कोण काढणार तेही आधीच ठरवा. वस्तू नाही मिळाली, तर तळाचा कोणता भाग पाहून झाला त्याचा आराखडा मागून घ्या, म्हणजे पुढच्या खेपेला तोच तळ पुन्हा धुंडाळावा लागणार नाही. शस्त्र किंवा तसलं काही हाती लागलं, तर ते हलवू नका, जागेची खूण करा आणि पोलिसांना कळवा.

प्रश्न : फोन पाण्यात पडून आठवडा झाला. काढून उपयोग आहे?

उत्तर : फोन म्हणून बहुधा नाही, आतल्या फोटोंसाठी मात्र असू शकतो. चपटा असल्यानं तो पानासारखा हेलकावत बुडतो, म्हणून शोधाचं वर्तुळ अंगठीपेक्षा मोठं धरा. मिळाल्यावर चार्ज करू नका, चालू करून बघू नका, तांदळातही ठेवू नका. खारं पाणी असेल तर गोड्या पाण्यात विसळा आणि डेटा काढून देणाऱ्याकडे लगेच न्या. बॅटरी फुगलेली दिसली, तर फोन घरात न ठेवता धातूच्या डब्यात घालून बाहेर ठेवा.