‘ग्रीन ऑस्कर’चे पैसे कोणाच्या खिशात जातात?

प्रश्न : एखाद्या भारतीय संशोधकाला ‘ग्रीन ऑस्कर’ मिळाल्याच्या बातम्या अधूनमधून वाचनात येतात. हा पुरस्कार कोण देते आणि त्याची रक्कम विजेत्याची स्वतःची होते का? आमच्या तालुक्यात एक तरुण बरीच वर्षे पक्ष्यांच्या घरट्यांची राखण करतो. गावाने ठराव करून त्याचे नाव पाठवावे काय?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ‘ग्रीन ऑस्कर’ हे वर्तमानपत्रांनी रूढ केलेले नाव आहे आणि ते थोडे फसवे आहे, कारण ऑस्कर पूर्ण झालेल्या चित्रपटाला मिळते, तर हा पुरस्कार अर्धवट असलेले काम पुढे नेण्यासाठी दिला जातो. त्याचे खरे नाव व्हिटली पुरस्कार. ब्रिटनमधील ‘व्हिटली फंड फॉर नेचर’ ही धर्मादाय संस्था तो देते आणि राजकन्या अ‍ॅन यांच्या हस्ते लंडनमध्ये तो प्रदान केला जातो. रक्कम विजेत्याच्या घरखर्चासाठी नसते. अर्जात मांडलेल्या प्रकल्पावरच ती खर्च करायची असते.

आसामच्या पूर्णिमादेवी बर्मन यांचे उदाहरण घेऊ. हरगिला हा करकोच्याच्या कुळातील प्रचंड, टकल्या डोक्याचा पक्षी. सडके मांस खाणारा, म्हणून लोकांना अशुभ वाटणारा. त्याची घरटी कामरूप जिल्ह्यातील गावांत लोकांच्या परसातील उंच कदंबांवर असतात, आणि खाली पडणाऱ्या विष्ठेला व दुर्गंधीला कंटाळून मालक झाडच तोडून टाकत. बर्मन यांनी मालकांशी वाद घालण्याऐवजी घरातील बायकांना हाताशी धरले. आपल्याकडील डोहाळजेवणासारखा तिकडचा पंचामृत विधी त्यांनी विणीच्या हंगामात या पक्ष्यांसाठी सुरू केला, मागावरच्या गामोशांवर (आसामी पंचांवर) आणि मेखला-चादरींवर (तिकडच्या बायकांच्या दोन भागांच्या पारंपरिक वस्त्रावर) हरगिला विणला जाऊ लागला, आणि जो पक्षी दारात नको होता तो बायकांच्या कमाईचे साधन झाला. 2017 साली त्यांना व्हिटली पुरस्काराचे 35 हजार पौंड मिळाले. 2024 साली त्यांनाच 1 लाख पौंडांचा सुवर्ण पुरस्कार मिळाला, जो आधीच्या विजेत्यांपैकी एकाला दिला जातो. दरम्यान, 2023 साली जागतिक लाल यादीत, म्हणजे कोणत्या प्रजातीला नामशेष होण्याचा किती धोका आहे हे सांगणाऱ्या यादीत, हरगिला ‘संकटग्रस्त’ गटातून कमी धोक्याच्या ‘संकटसमीप’ गटात आला. याचे श्रेय एका पुरस्काराला देणे भाबडेपणाचे ठरेल, पण गावोगावच्या त्या कामाचा त्यात वाटा आहे हे निश्चित.

पुरस्काराची रक्कम कामाकडे वळवण्याची रीत आपल्याला नवीन नाही. सलीम अली यांना जे. पॉल गेटी वन्यजीव संवर्धन पुरस्काराचे 50 हजार डॉलर मिळाले, तेव्हा त्यांनी त्यातून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत निसर्गसंवर्धनासाठी निधी उभारला. 2015 साली व्हिटली पुरस्कार मिळवणारे महाराष्ट्राचे डॉ. प्रमोद पाटील हे शिक्षणाने वैद्यकीय डॉक्टर. त्यांना तो राजस्थानातील थरच्या वाळवंटात माळढोकासाठी स्थानिक लोकांना बरोबर घेऊन केलेल्या कामाबद्दल मिळाला.

आता तुमच्या तरुणाविषयी. गावाच्या ठरावाने व्हिटली पुरस्काराचे दार उघडत नाही; काम करणाऱ्याने स्वतःच अर्ज करायचा असतो, तोही इंग्रजीत, आणि त्यात पुढील कामाचा आराखडा व अंदाजपत्रक मांडावे लागते. चांगली माणसे नेमकी इथेच मागे पडतात, हे मला या पद्धतीतील मोठे वैगुण्य वाटते. लिखापढीसाठी जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांची मदत घ्यावी. केंद्र सरकारचा अमृतादेवी बिष्णोई वन्यजीव संरक्षण पुरस्कारही आहे. त्याबद्दल विभागीय वनाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारावे, आणि गावाचा ठराव जोडायचाच असेल तर तिथे जोडावा. मात्र त्याआधी त्याच्याकडे घरट्यांची वही आहे का, ते पाहा: कोणत्या झाडावर, कोणत्या तारखेला, किती पिल्ले उडाली. नसेल, तर येत्या विणीपासून ती सुरू करायला सांगा.