हजार फोटो एकदम सुधारायचे असतील तर आधी उजेडाप्रमाणे गठ्ठे करा

तुमचा प्रश्न असा आहे: ढोल-ताशा पथकासाठी काढलेले विसर्जन मिरवणुकीचे हजारभर फोटो आहेत, प्रत्येकाचा उजेड-रंग नीट करायचा, आकार लहान करायचा, कोपऱ्यात पथकाचा लोगो टाकायचा. एकेक फोटो उघडत न बसता हे होईल का?

होईल. फक्त एकच प्रीसेट, म्हणजे आधी जपून ठेवलेली रंग-उजेडाची सेटिंग, हजार फोटोंवर टाकू नका. पुण्यात मंडईत टिळक पुतळ्यापाशी सकाळचं ऊन असतं, लक्ष्मी रोडवर दुतर्फा इमारतींची सावली, आणि रात्री रथांचे दिवे. उन्हाचं रंगतापमान (उजेड पिवळा की निळसर, याचं माप; आकडा जास्त तितका उजेड निळा) साधारण 5500 केल्विन, सावलीचं त्याहून बरंच जास्त, पिवळ्या दिव्याचं 3000 च्या आसपास. उन्हातल्या फोटोला शोभणारी सेटिंग सावलीतल्या चेहऱ्यांना निळं पाडते. म्हणून आधी वेळेप्रमाणे लावून उजेडाचे चार-पाच गठ्ठे करा. खरी मेहनत इथेच आहे आणि ती तुमच्या डोळ्यांनीच करायची.

लाइटरूम क्लासिक हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर असेल तर प्रत्येक गठ्ठ्यातला एक फोटो मनासारखा करा, मग सगळा गठ्ठा निवडून सिंक करा, म्हणजे त्या फोटोची सेटिंग बाकीच्यांना लागते. व्हाइट बॅलन्ससाठी, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून, वादकाच्या पांढऱ्या कुर्त्यावर ड्रॉपर टेकवायचा, पण कुर्ता गुलाल उडण्याआधीचा हवा. गुलाबी झालेल्या कापडाला सॉफ्टवेअर पांढरं समजतं आणि सगळा फोटो हिरवट करतं. सिंकच्या यादीत क्रॉपची खूण काढून टाका. तिरका फोटो सरळ करणं ज्याचं त्याचं वेगळं असतं. ॲपर्चर-शटर बदलत राहिले असतील तर ‘मॅच टोटल एक्स्पोजर्स’ वापरा, उजेडातला चढउतार बराच सपाट होतो. ऑटो सिंक (बदल करताक्षणी सगळ्या निवडलेल्या फोटोंना लावणारी सोय) वापरलंत तर काम झाल्यावर लगेच बंद करा, नाहीतर पुढचा बदलही निवडलेल्या सगळ्या फोटोंना लागत जातो.

गुलालाचे फोटो मी नेहमी वेगळे काढतो. त्यात लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा भाग) हिरव्या-निळ्याच्या आधी भरून जातो आणि उधळणीचा पोत जाऊन नुसता सपाट डाग उरतो. तिथे सॅच्युरेशन वाढवणारा प्रीसेट अजिबात नको. उलट लाल आणि मजेंटा थोडे उतरवा. क्षणाक्षणाला रंग बदलणाऱ्या एलईडीखालचे फोटोही सिंकमध्ये घालू नका. त्यातले मोजके चांगले निवडून हातानेच करा.

लोगो आणि आकार मात्र डोळे मिटून यंत्रावर सोपवा. लाइटरूमच्या एक्स्पोर्टमध्येच पीएनजी लोगोचा वॉटरमार्क लावता येतो. आकार देताना रुंदी नको, ‘लाँग एज’ 2000 पिक्सेल द्या, म्हणजे उभे-आडवे दोन्ही बरोबर बसतात. पैसे खर्च करायचे नसतील तर डार्कटेबल मोफत आहे, त्यातल्या ‘स्टाइल्स’ एका फोटोची सेटिंग बाकीच्यांना लावायचं काम करतात.

फोटोशॉपच असेल तर ॲक्शन रेकॉर्ड करा, म्हणजे एका फोटोवर केलेल्या पायऱ्या नोंदवून पुन्हा चालवता येतात. ही सोय 1996 च्या चौथ्या आवृत्तीपासून आहे, त्यामुळे जुनी आवृत्तीही चालेल. आकारासाठी ‘इमेज साइज’ऐवजी ‘फिट इमेज’ रेकॉर्ड करा. लोगो माउसने ओढून ठेवू नका. ‘सिलेक्ट ऑल’ करून त्याचा लेयर उजवीकडे आणि खाली अलाइन करा, म्हणजे उभ्या फोटोतही तो कोपऱ्यातच राहतो. मग ‘ऑटोमेट’मधून ‘बॅच’ चालवा आणि निकाल वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊ द्या. कोणी इमेजमॅजिक या आज्ञा टाइप करून चालवायच्या सॉफ्टवेअरची ‘मॉग्रिफाय’ आज्ञा सुचवली तर जपून: वेगळा फोल्डर सांगितला नाही, तर ती मूळ फायलींवरच लिहिते.

पहिल्यांदा प्रत्येक गठ्ठ्यातले दहाच फोटो चालवून बघा, बाकीचे नंतर सोडा. आणि पथकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवले की ते पुन्हा दाबले जातात आणि गुलालाचा पोत तिथे जातो.