आयझाया सिमन्ससारखा ॲथलेटिक लाइनबॅकर "डोक्याने कमी पडला" म्हणतात ते कशावरून? लाइनबॅकर नेमका जोखतात कसा?

तुमच्या प्रश्नातलं "डोक्याने कमी पडला" वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. मी स्काउट नाही की कोच नाही. आम्ही अ‍ॅरिझोनात फिनिक्सजवळ चँडलरला सोळा वर्षं राहतोय, रविवारी घरात आमच्या कार्डिनल्सची अमेरिकन फुटबॉलची मॅच लागलेली असते, आणि माझा मुलगा हायस्कूलची चारही वर्षं डिफेन्समध्ये खेळला. त्याच्या जवळजवळ सगळ्या मॅचेस मी स्टँडच्या सगळ्यात वरच्या पायरीवर ट्रायपॉड लावून शूट केल्यात आणि रात्री बसून प्ले-प्लेचे तुकडे पाडलेत. सिमन्सबद्दल जे बोललं जातं तेच माझ्या मुलाबद्दल कागदावर लिहून हातात दिलं गेलं होतं. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आधी सिमन्स. लाइनबॅकर म्हणजे डिफेन्समध्ये पुढच्या फळीच्या मागे उभा राहणारा खेळाडू. 6 फूट 4 इंच, 238 पाउंड, आणि 2020 च्या कंबाइनला (एनएफएल या प्रो लीगच्या निवडीआधी कॉलेज खेळाडूंची होणारी चाचणी) 40 यार्ड 4.39 सेकंदात. त्या अंगाचा माणूस त्या वेगाने पळतो हे बघून कुणाचंही डोकं फिरेल. 39 इंचाची उभी उडी, 11 फुटांची लांब उडी. क्लेमसन कॉलेजला तो सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा रक्षक, म्हणून आला, मग लाइनबॅकर झाला, आणि 2019 मध्ये स्लॉट (आतल्या रिसीव्हरसमोर), सेफ्टी, लाइनबॅकर, एज (कडेने क्वार्टरबॅकवर धावणारा) अशा सगळ्या जागी खेळून त्याने सर्वोत्तम कॉलेज लाइनबॅकरचं बटकस अवॉर्ड घेतलं. कंबाइनला पोझिशन विचारली तर म्हणाला, डिफेन्स. सगळ्यांना ते फार आवडलं होतं, मला पण आवडलं होतं. कार्डिनल्सनी त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, आठव्या नंबरला घेतला. त्या वर्षी कोव्हिडमुळे प्रीसीझनची एकही मॅच झाली नाही, उन्हाळ्यातल्या मीटिंगा लॅपटॉपवर, आणि पहिलीच मॅच फॉर्टीनाइनर्सशी. त्यात राहीम मोस्टर्टने पास घेऊन 76 यार्डांचा टचडाऊन मारला आणि सिमन्स त्याच्या मागे पळत होता. झालं, त्या रात्रीपासून "पाय आहेत, डोकं नाही" सुरू. पुढे त्याच सीझनमध्ये सीहॉक्सविरुद्ध ओव्हरटाइममध्ये त्यांच्या क्वार्टरबॅकचा, रसेल विल्सनचा, पास यानेच पकडला आणि आम्ही ती मॅच 37-34 जिंकलो, तेव्हा मात्र कुणी म्हणालं नाही की डोकं आलं.

आता लाइनबॅकरचं डोकं म्हणजे काय ते बघा, कारण लोक हा शब्द फार सैल वापरतात. हुशारी नाही ती. ते बघणं आहे. स्नॅप झाला, म्हणजे बॉल खेळात आला, की समोरचा गार्ड (ऑफेन्सच्या लाइनमधला ब्लॉकर) खाली वाकून पुढे आला तर रन, ताठ होऊन मागे सरला तर पास, आडवा पळाला तर पुल (दुसरीकडे ब्लॉक करायला निघणं), आणि त्याच वेळी नजरेच्या कडेला रनिंग बॅकचं पहिलं पाऊल. एवढं सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत, आणि प्लेॲक्शनमध्ये, म्हणजे रनचं नाटक करून पास टाकतात तेव्हा, हेच गार्ड मुद्दाम खोटं बोलतात. ज्याला हे दिसतं त्याचा पाय बरोबर दिशेला पडतो, ज्याला दिसत नाही तो आधी एक पाऊल चुकीच्या दिशेला टाकतो, फॉल्स स्टेप म्हणतात ती. फास्ट माणूस ती चूक कॉलेजमध्ये पळून भरून काढतो. एनएफएलमध्ये भरून निघत नाही कारण तिथे समोरचाही तेवढाच फास्ट असतो. वेगामुळे चूक झाकली जाते आणि म्हणून ती कुणी दुरुस्तही करत नाही, हे माझं ठाम मत आहे.

माझा मुलगा दहावीत होता. वर्गात सगळ्यात फास्ट, ट्रॅकलाही पळायचा. फास्ट म्हणून कोचने त्याला आधी सेफ्टीला टाकला, दोन आठवड्यांनी एक पोरगा जखमी झाला म्हणून बाहेरचा लाइनबॅकर, मग एजला, मग एका मॅचला परत सेफ्टी, आणि ऑक्टोबरच्या एका शुक्रवारी मिडल लाइनबॅकरला पाय मुरगळला म्हणून मध्ये याला उभा केला. रात्रीचे आठ वाजले तरी गरम वाफा येत होत्या, मला ट्रायपॉडचा लोखंडी पाय हातात धरवत नव्हता. समोरच्या टीमने तिसऱ्या डाऊनला दोन यार्ड हवे असताना प्लेॲक्शन केलं. मी व्ह्यूफाइंडरमधून फक्त त्याच्याकडेच बघत होते. त्याची उजवी टाच उचलली, पाऊल पुढे पडलं, मग दुसरं, आणि तेवढ्यात टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून पास घेणारा) त्याच्या पाठीमागून मोकळा निघून गेला. टचडाऊन. पोरगा तिथेच उभा राहिला, हात कमरेवर. बाजूला कोच ओरडत होता, "थिंक! थिंक!" आणि मी वर बसून मोजत होते, की मध्ये उभं राहून खेळायचा हा त्याच्या आयुष्यातला आठवा स्नॅप. आठवा!

सीझन संपल्यावर प्रत्येक पोराला पालकांबरोबर बोलावून एक कागद दिला. दोन रकाने. डावीकडे शारीरिक, तिथे सगळं उत्तम. उजवीकडे मानसिक, तिथे लिहिलं होतं की उशिरा ओळखतो, स्वतःवर भरवसा नाही, दबावात गोठतो. माझा नवरा मान हलवत होता, त्याला ते पटत होतं, कारण घरी गणितालाही हा वेळ घेतो. पोरगा खाली बघत बसला होता आणि अंगठ्याच्या नखाने त्या कागदाचा कोपरा दुमडत होता, उलगडत होता, परत दुमडत होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, "आई, मी खरंच स्लो आहे का ग?" 11 सेकंदांच्या आसपास 100 मीटर पळणारा पोरगा हे विचारतो म्हटल्यावर माझ्या पोटात कालवलं.

त्या रात्री मी सगळी फिल्म परत काढली आणि वहीत लिहून काढलं, कुठल्या मॅचला कुठल्या जागेवर किती स्नॅप. दहा मॅचेसमध्ये पाच जागा. सलग तीन आठवडे एका जागी एकदाही नाही. आणि जिथे सलग दोन आठवडे खेळला होता, बाहेरच्या बाजूला, तिथे दुसऱ्या आठवड्यात फॉल्स स्टेप्स जवळपास निम्म्यावर आल्या होत्या. ती वही घेऊन मी कोचकडे गेले. भांडायला नाही, खरंच दाखवायला गेले होते. त्याने दोन पानं उलटली आणि म्हणाला की मॅम, घरी फिल्म बघून फुटबॉल कळत नाही. मला आजही त्या माणसाला सांगायचंय की फिल्म तुम्हीच मला करायला लावली होती, आणि तुम्ही पोराला बघायला वेळ दिला नाहीत आणि मग त्याला आंधळा म्हणालात.

म्हणून सिमन्सचं पुढचं मी वेगळ्या डोळ्याने बघितलं. 2021 मध्ये त्याला बऱ्यापैकी एका जागी, आत ठेवला तेव्हा 105 टॅकल्स. 2022 मध्ये परत बाहेर, स्लॉटला, सेफ्टीला. तिथेही रेडर्सविरुद्ध ओव्हरटाइममध्ये हंटर रेनफ्रोच्या हातातून बॉल याने उडवला आणि बायरन मर्फीने तो उचलून टचडाऊन केला, सेंट्सविरुद्ध स्वतः पिक-सिक्स (समोरच्याचा पास पकडून थेट टचडाऊन) मारला. पण रोज नवीन जागा म्हणजे रोज पहिला दिवस. मे 2023 मध्ये टीमने त्याचं पाचव्या वर्षाचं ऑप्शन, म्हणजे करार एक वर्ष वाढवायचा हक्क, नाकारलं आणि ऑगस्टमध्ये जायंट्सना सातव्या राउंडच्या एका पिकसाठी देऊन टाकला. आठव्या नंबरचा माणूस, सातव्या राउंडच्या भावात!

आणि हे एकट्या सिमन्सचं नाही हो. याच टीमने 2017 ला हासन रेडिकला तेराव्या नंबरला घेतला. टेंपल कॉलेजला तो एज होता. इथे त्याला आतला लाइनबॅकर केला आणि तीन वर्षं सगळे म्हणत राहिले की याला खेळ वाचता येत नाही. 2020 ला परत एजला सोडला तर 12.5 सॅक्स (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं), त्यात जायंट्सविरुद्ध एकाच मॅचमध्ये पाच, आणि पुढे ईगल्सकडे 2022 मध्ये 16. डोकं बदललं का त्याचं? दुसऱ्या बाजूला फ्रेड वॉर्नर बघा, 40 यार्ड 4.64, तिसऱ्या राउंडचा पिक, बीवाययू कॉलेजला तो बाहेरच्या बाजूला खेळायचा. फॉर्टीनाइनर्सनी त्याला मध्ये आणला पण मग तिथेच ठेवला, पहिल्याच वर्षी सोळाच्या सोळा मॅचेस स्टार्ट. आज लाइनबॅकरचं डोकं म्हटलं की लोक त्याचंच नाव घेतात. सिमन्सपेक्षा पाव सेकंद हळू आहे तो.

घरी आम्ही काय केलं ते सांगते, कारण ते उपयोगी पडलं. त्या वर्षी सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. जेवण झालं की टेबलावर पाच स्टीलच्या वाट्या ओळीने मांडायच्या, ती ऑफेन्सिव्ह लाइन, मागे एक पेला म्हणजे रनिंग बॅक. मी किंवा सासूबाई एक वाटी हलवायचो, पुढे, मागे किंवा आडवी, आणि त्याने समोर बसून फक्त बोट दाखवायचं, कुठे जाणार. सुरुवातीला तो पेल्याकडेच बघायचा, तिथेच फसायचा. सासूबाईंना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं पण त्यांनी दोन दिवसांत ओळखलं, म्हणाल्या, "बाळा, तू पाण्याकडे बघतोस, वाटीकडे बघ." तिसऱ्या आठवड्यात माझं मनगट हलायच्या आधी त्याचं बोट जायला लागलं. पुढच्या वर्षी नवीन असिस्टंट कोच आला, त्याने त्याला आतल्या एका जागेवर ठेवला आणि पूर्ण सीझन हलवला नाही. स्टार झाला असं काही नाही, कॉलेजला तो खेळतही नाही, पण ते "उशिरा ओळखतो" परत कुणी लिहिलं नाही.

टेस्टचंही बोलते. वंडरलिक म्हणून 50 प्रश्नांची 12 मिनिटांची परीक्षा घ्यायचे, कंबाइनने 2022 मध्ये ती बंद केली, बरं झालं. मग एस टू नावाची टेस्ट आली, 2023 ला सी. जे. स्ट्राउडचा त्यातला फार कमी स्कोअर बाहेर फुटला, लोकांनी त्याला नको नको ते म्हटलं, आणि तोच क्वार्टरबॅक त्या वर्षीचा ऑफेन्सिव्ह रुकी ऑफ द इयर झाला. स्क्रीनवरचे ठिपके ओळखणं आणि गार्डचा खांदा ओळखणं एक नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई फक्त पोराची बाजू घेतेय. मानसिक कमजोरी नसतेच असं मी म्हणत नाही. राग ही वेगळी गोष्ट आहे आणि ती बघण्याच्या रकान्यात टाकू नका. आमच्या शेजारच्या टेंपीचा, अ‍ॅरिझोना स्टेटचा व्हॉन्टाझ बर्फिक्ट, 40 यार्डला 5.09, कुणी ड्राफ्टच केला नाही, आणि 2013 ला बेंगल्सकडून लीगमध्ये सगळ्यात जास्त टॅकल्स, 171. वाचायचा इतका सुंदर की बघत राहावं. आणि जानेवारी 2016 च्या प्लेऑफमध्ये शेवटच्या दोन मिनिटांत इंटरसेप्शन मारून बेंगल्सना जवळजवळ जिंकून दिल्यावर त्यानेच स्टीलर्सच्या अँटोनियो ब्राउनच्या डोक्यावर धडकून पेनल्टी दिली आणि स्टीलर्स 18-16 ने जिंकले. 2019 ला उरलेल्या सीझनची बंदी. तसाच पॅकर्सचा क्वे वॉकर, बिल्सचा खेळाडू डामार हॅमलिन मैदानावर कोसळला त्याला सहाच दिवस झाले होते आणि याने लायन्सच्या वैद्यकीय स्टाफमधल्या माणसाला ढकललं, बाहेर काढला गेला. त्या रुकी (पहिल्या) सीझनमधली त्याची ती दुसरी हकालपट्टी. त्याने नंतर माफी मागितली. हे कुठल्याही जागेवर ठेवलं तरी जात नाही, त्यावर वेगळं काम करावं लागतं.

आणि सिमन्सची स्वतःचीही चूक असेल, हेही मान्य. सगळीकडे खेळायची त्याला हौस होती, पँथर्सच्या ल्यूक कीक्ली या लाइनबॅकरसारखं एकाच जागी बसून समोरच्याचे प्ले पाठ करणं सगळ्यांना आवडत नाही. शिवाय एनएफएलमध्ये कोचला नोकरी टिकवायची असते, तीन वर्षं थांबायला कुणाला वेळ नाही, ते मला कळतं.

तर तुमचं उत्तर. टीव्हीच्या अँगलवर काही कळत नाही, ऑल-22 फिल्म (मैदानावरचे 22 च्या 22 खेळाडू दिसतात ती) बघा. बॉल विसरा. लाइनबॅकरचा पहिला पाय बघा, प्रत्येक स्नॅपला, निदान दोन-तीन मॅचेस, आणि रन, पास, प्लेॲक्शन वेगवेगळे मांडा. ब्लॉकर अंगावर आल्यावर हात आधी कुणाचे लागतात ते बघा. कमरेतून वळतो का गोल फिरतो ते बघा. चूक झाल्यावर पुढच्या स्नॅपला तो कुठे बघतोय, गार्डकडे की साइडलाइनकडे, ते नक्की बघा. आणि हे सगळं लिहिण्याआधी, कागदाच्या सगळ्यात वर, तो त्या जागेवर याआधी किती स्नॅप खेळलाय तो आकडा लिहा. सिमन्सचं 2021 आणि 2022 असं शेजारी शेजारी लिहून बघा आणि काय दिसतं ते इथे सांगा, मला खरंच वाचायचंय.