बर्लिन १९४८: पीठ, कोळसा आणि तीन मिनिटं

प्रश्न थोडक्यात असा: रशियाने १९४८ मध्ये पश्चिम बर्लिनला जाणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले, तर अमेरिका-ब्रिटनने वीस लाखांच्या शहराला नुसत्या विमानांवर वर्षभर कसं पोसलं? आणि रशियाने ती विमानं पाडली का नाहीत?

हा विषय निघाला की चॉकलेट टाकणाऱ्या वैमानिकाची गोष्ट हमखास सांगितली जाते. गेल हॅल्व्हरसनने रुमालाच्या छत्र्या करून मुलांसाठी गोळ्या-चॉकलेटं टाकली हे खरं आहे, आणि त्याचा प्रचारात उपयोगही भरपूर झाला. पण त्यावर शहर जगत नाही. ते जगलं कोळशावर आणि वेळापत्रकावर.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिलं त्यावर उभं आहे. युद्ध संपल्यावर जर्मनी आणि बर्लिन दोन्ही अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया या चौघांत वाटलेलं, आणि बर्लिन जर्मनीच्या रशियन विभागाच्या पोटात. पश्चिमेकडून तिथे जमिनीवरून जायच्या हक्काचा लेखी करार कुणी केलाच नाही. सगळं तोंडी आणि वहिवाटीवर चाललेलं. हवेबाबत मात्र ३० नोव्हेंबर १९४५ चा लेखी करार होता: हॅम्बुर्ग, हॅनोव्हर आणि फ्रँकफर्टकडून बर्लिनला येणारे तीन पट्टे, प्रत्येक २० मैल रुंद. जून १९४८ मध्ये पश्चिम विभागांत नवं डॉइश मार्क आलं, रशियाने आपल्या विभागात स्वतःचं चलन काढलं, आणि कुठल्या बर्लिनमध्ये कुठली नोट चालणार यावरून ठिणगी पडली. २४ जूनला वाटा बंद झाल्या आणि पूर्वेकडून येणारी वीज तुटली. रस्ता 'दुरुस्तीसाठी' किंवा रेल्वे 'तांत्रिक अडचणीमुळे' बंद ठेवता येते, त्यासाठी गोळी झाडावी लागत नाही. हवेतलं विमान थांबवायचं तर पाडावंच लागतं, आणि तेही सही केलेल्या कराराविरुद्ध. रशियनांनी सर्चलाइट डोळ्यांवर मारले, लढाऊ विमानं अगदी जवळून नेली, पण त्यापुढे गेले नाहीत. चार राष्ट्रांचं हवाई सुरक्षा केंद्र तर नाकेबंदीभर चालू होतं. वरून कुठली विमानं जाणार आहेत हे रशियन अधिकाऱ्याला त्याच्या टेबलावर कळत होतं!

शिवाय रशियनांना वाटत होतं की पाडायची गरजच नाही. स्टालिनग्राडला वेढ्यात अडकलेल्या जर्मन सैन्याला विमानांनी पुरवठा करायचा प्रयोग त्यांनी डोळ्यांदेखत फसताना पाहिला होता. तिथे दिवसाला किमान ३०० टन हवे होते आणि सरासरी सव्वाशेपर्यंतही गेली नाही. बर्लिनला त्याच्या पंधरापट लागणार होते.

आता गरज पाहू. (टन अमेरिकन आहेत, ९०७ किलोचे. ते मेट्रिक धरले तर गोंधळ होतो.) अन्नाचा रोजचा हिशोब १,५३४ टनांचा होता: पीठ व गहू ६४६, वाळवलेले बटाटे १८०, साखर १८०, वाळवलेल्या भाज्या १४४, इतर धान्य १२५, मांस-मासे १०९, चरबी-लोणी ६४, मीठ ३८, दूधभुकटी १९, कॉफी ११, चीज १०, लहान मुलांसाठी दूध ५ आणि ताजं यीस्ट ३. या यादीतले बरेच पदार्थ पाणी काढून टाकायचं या विचाराने निवडलेले आहेत. बटाट्यात जवळपास चार पंचमांश पाणीच असतं, ते विमानाने वाहून न्यायचं कशाला? मांसही हाडं काढूनच जायचं. पावाच्या बाबतीत मात्र उलटा हिशोब होता. तयार पाव नेण्यापेक्षा पीठ नेऊन तिथे भाजणं हलकं पडतं, पण भट्टीला कोळसा लागतो. म्हणजे अन्नातली बचतसुद्धा शेवटी कोळशाच्या खात्यावर पडते.

आणि कोळसा हाच खरा राक्षस होता. इंधन धरून एकूण गरज दिवसाला साडेचार ते पाच हजार टन निघाली. नाकेबंदी लागली तेव्हा शहरात अन्न ३६ दिवसांचं आणि कोळसा ४५ दिवसांचा होता. अखेरीस जो माल गेला त्यात दोन तृतीयांशाच्या आसपास कोळसा होता. एवढं करूनही घरांना वीज दिवसाला चार तास मिळायची, तीही दोन हप्त्यांत.

पहिल्या आठवड्यांत सगळ्यांची धडपड एकच: अजून विमानं आणा. हाताशी होती डकोटा, म्हणजे सी-४७. तिच्यात तीन-साडेतीन टन माल मावतो, आणि शेपटीचं चाक खाली असल्याने आतली फरशी तिरकी असते. पोतं चढावर ओढत न्यावं लागतं. सी-५४ स्कायमास्टरची फरशी सपाट, मालही दहा टन. पण खरा फरक वजनापेक्षा वेगळाच आहे. धावपट्टीवर उतरायला दोघींनाही सारखीच वेळ लागते. दिवसात १,४४० मिनिटं. दर तीन मिनिटांना एक धरलं तर ४८० विमानं उतरणार. ती डकोटा असली तर दीड हजार टन, सी-५४ असली तर चार हजार आठशे. म्हणजे टंचाई विमानांची नसून धावपट्टीवरच्या मिनिटांची आहे. हे एकदा कळलं की पुढचे सगळे निर्णय आपोआप उलगडतात. म्हणूनच शरदात अमेरिकनांनी डकोटा काढून घेतल्या आणि सी-५४ जगभरातून गोळा करून ताफा सव्वादोनशेच्या घरात नेला.

हे गणित पुरतं ओळखलेला माणूस म्हणजे अमेरिकन जनरल विल्यम टनर. जुलैअखेरीस त्याच्याकडे सूत्रं आली. त्याचं शिक्षण आपल्याकडचं म्हणायला हरकत नाही: १९४४-४५ मध्ये आसामातल्या तळांवरून हिमालयाच्या टोकावरून चीनला माल नेणारी 'हंप'ची वाहतूक त्याच्या हाताखाली होती. शौर्याच्या गोष्टींचा त्याला तिटकारा. त्याच्या मते चांगली हवाई वाहतूक कंटाळवाणी असली पाहिजे.

ती कंटाळवाणी नसली की काय होतं, ते १३ ऑगस्ट १९४८ ला, शुक्रवारी, दिसलं. बर्लिनच्या टेम्पलहोफ विमानतळावर मुसळधार पाऊस, ढग छपरांना टेकलेले. एक सी-५४ धावपट्टीच्या टोकाला कोसळून पेटलं. मागच्याने त्याला टाळायला करकचून ब्रेक मारले आणि टायर फुटले. तिसरं अर्धवट बांधलेल्या पट्टीवर उतरून गरकन फिरलं. सुदैवाने कुणी मेलं नाही. पण वर तीन हजारांपासून बारा हजार फुटांपर्यंत विमानं एकावर एक घिरट्या घालत होती, मागून दर तीन मिनिटांनी नवं येतच होतं, आणि खालची रिकामी विमानं वरच्यांशी टक्कर होईल म्हणून उडू शकत नव्हती. म्हणजे अपघात तीन विमानांचा, पण बंद पडली सगळी साखळी. टनर स्वतः त्या घिरट्यांमध्ये अडकला होता. त्याने वरच्या सगळ्यांना परत पाठवलं आणि लगोलग नियम बदलले.

उतरायचा प्रयत्न एकदाच. चुकलात तर भरल्या मालासकट मधल्या पट्ट्यातून थेट परत, पुन्हा रांगेत. आकाश निरभ्र असलं तरी उड्डाण उपकरणांवरच, म्हणजे हवा बिघडली म्हणून पद्धत बदलावी लागत नाही. उत्तर आणि दक्षिणेचे पट्टे फक्त जायचे, मधला फक्त यायचा. दहा टन पीठ परत नेणं वरवर उधळपट्टी वाटते. पण एका विमानाने दुसरी फेरी मारून तीन मिनिटं खाल्ली की मागच्या प्रत्येकाचं वेळापत्रक सरकतं. आपल्याकडे गर्दीच्या वेळी एक लोकल दादरला रखडली की विरारपर्यंत काय होतं ते आठवा.

प्रत्यक्ष खेप अशी असायची. फ्रँकफर्टहून उडायचं, ठरलेल्या बीकनवरून (जमिनीवरून रेडिओ खूण देणाऱ्या केंद्रावरून) वळत ठरलेल्या उंचीवर जायचं, ताशी १७० मैल वेग धरायचा. फुल्डाच्या बीकनवर आलं की प्रत्येक वैमानिक आपली वेळ रेडिओवर बोलायचा. मागचा ते ऐकून घड्याळ बघायचा आणि आपलं अंतर तीन मिनिटांचं आहे ना हे पाहून वेग किंचित कमी-जास्त करायचा. बर्लिनजवळ रडारवरचा माणूस ताबा घेऊन बोलत बोलत खाली आणायचा. टेम्पलहोफला उतरताना दोन्ही बाजूंना पाच मजली इमारती आणि खाली कबरस्तान. त्यामुळे उतार नेहमीपेक्षा तीव्र असायचा आणि ब्रेक तापायचे. उतरल्यावर कर्मचाऱ्यांनी विमान सोडायचं नाही, कारण कॅन्टीनमध्ये गेलेला माणूस वेळेवर परत येत नाही. हवामानाची माहिती देणारा जीपने विमानाशी यायचा, खाण्याची गाडीही तिथेच यायची. तोवर जर्मन हमालांची टोळी माल उतरवून मोकळी. कोळशाची पोती साधारण पन्नास किलोची धरली तर एका विमानात १८० च्या आसपास.

कोळशाने विमानांचे हाल केले ते वेगळेच. भुकटी फरशीच्या फटींतून खाली जाऊन नियंत्रणाच्या तारांवर आणि विजेच्या जोडण्यांवर बसते, ओल लागली की गंज आणि झीज सुरू. पोती ओली करून पाहिली, फरशीवर ताडपत्री टाकून पाहिली. पूर्ण उपाय सापडला नाही, साफसफाईच वाढवावी लागली. दुसरी गोष्ट, सी-५४ बांधलं होतं लांब पल्ल्यासाठी, म्हणजे बऱ्याच तासांनी एकदा उतरणं. इथे ते पूर्ण वजनाने दिवसात अनेकदा आपटत होतं. टायर, ब्रेक आणि पुढच्या चाकाचा सांगाडा झपाट्याने झिजला. मेकॅनिक कमी पडले तेव्हा टनरने कालपर्यंतच्या शत्रूच्या हवाई दलातले जर्मन मेकॅनिक कामाला घेतले आणि दुरुस्तीची पुस्तिका जर्मनमध्ये करून घेतली. माझ्या मते हा निर्णय चॉकलेटपेक्षा कितीतरी मोठा होता.

मिठाची युक्ती सगळ्यात आवडती. मीठ कोळशाहून वाईट, धातू खातं. ब्रिटिशांनी ते सुंदरलँड या समुद्री विमानांना दिलं. त्यांचं अंग खाऱ्या पाण्यासाठीच तयार केलेलं आणि नियंत्रणाच्या तारा फरशीखाली नसून छतातून गेलेल्या. हॅम्बुर्गजवळ एल्ब नदीवरून उडायचं आणि बर्लिनच्या हाफेल तळ्यावर उतरायचं. डिसेंबरमध्ये पाणी गोठू लागल्यावर ते थांबलं. मग हॅलिफॅक्स या विमानांच्या पोटाखाली बाहेरून टोपल्या लटकवून मीठ गेलं.

मिनिटं वाढवायचा शेवटचा मार्ग म्हणजे नवी धावपट्टी. टेम्पलहोफची पट्टी इतक्या वजनाला बनलेलीच नव्हती. दोन विमानांच्या मधल्या मिनिटांत कामगार वाळू-डांबर घेऊन धावायचे, खड्डे बुजवायचे आणि पळायचे. फ्रेंच विभागात टेगलला ऑगस्टमध्ये नवा तळ सुरू केला. सुमारे १७ हजार बर्लिनकरांनी, त्यात निम्म्याच्या जवळपास बायका, बाँबहल्ल्यांतल्या ढिगाऱ्याचा भराव घालून तो उभारला. रोलर, बुलडोझर विमानात मावत नव्हते. ते गॅसने कापून तुकडे नेले आणि तिथे जोडले. पहिलं विमान ५ नोव्हेंबरला उतरलं, तीन महिन्यांत. उतरायच्या वाटेत रशियनांच्या ताब्यातल्या रेडिओ केंद्राचा मनोरा येत होता. विनंत्यांना दाद मिळेना, तेव्हा १६ डिसेंबरला फ्रेंच सेनापती गानेव्हालने तो सुरुंग लावून पाडला.

तरीही नोव्हेंबरमध्ये हे सगळं कोसळायच्या बेतात होतं. धुकं हटेना, २० तारखेला ४२ विमानं निघाली आणि बर्लिनला उतरलं एकच. त्या हिवाळ्यात कोळशाचा साठा एकदा आठवड्यावर आला होता. जानेवारीत हवा उघडली आणि १ लाख ७१ हजार टन गेले, म्हणून निभावलं. यात नशिबाचा वाटा होता हे मान्य करायला हवं. हिवाळा सौम्य नसता तर गणित चुकलं असतं.

१५-१६ एप्रिल १९४९ ला टनरने ईस्टरच्या निमित्ताने विक्रम ठरवून केला: चोवीस तासांत १२,९४१ टन, जवळपास चौदाशे खेपा, माल फक्त कोळसा. एकच माल का? वेगवेगळा असला की भरणं, बांधणं, उतरवणं प्रत्येक वेळी बदलतं आणि मिनिटं जातात.

आता एक दुरुस्ती. 'विमानांनी स्टालिनला नमवलं' हे अर्धंच खरं. पश्चिमेने उलट नाकेबंदी केली होती: पश्चिम जर्मनीतल्या रूर या औद्योगिक भागातला कोळसा आणि पोलाद पूर्व विभागाला जाणं बंद. तिथले कारखाने त्याने अडले. पूर्वेत नाव नोंदवा, रेशन घ्या, हे रशियनांचं आमिषही चाललं नाही. नोंदणी शेकडा चार-पाचांच्या आसपासच राहिली. (शहराच्या दोन भागांतली ये-जा चालू होती, भिंत १९६१ ची. नाकेबंदी म्हणजे कुलूपबंद शहर हे चित्र चुकीचं.) वाटाघाटी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेचे जेसप आणि रशियाचे मलिक या मुत्सद्द्यांत झाल्या, आणि १२ मे १९४९ ला मध्यरात्रीनंतर एका मिनिटाने रस्ते उघडले. खेपा मात्र साठा करण्यासाठी ३० सप्टेंबरपर्यंत चालू ठेवल्या. एकूण २ लाख ७७ हजारांवर खेपा, २३ लाख टनांहून जास्त माल. १०१ माणसं गेली, त्यांत ३१ अमेरिकन.

जमिनीवरच्या वाहतुकीचा जो कागद १९४५ मध्ये राहून गेला होता, तो नागरी प्रवाशांसाठी नीट लिहून सही व्हायला १९७१ चा चार राष्ट्रांचा करार यावा लागला.