वाचकांचे प्रश्न : पतौडी कर्णधार झाले ते नवाब म्हणून की खेळाडू म्हणून?

प्रश्न : मन्सूर अली खान पतौडी यांना वयाच्या २१व्या वर्षी भारताचे कर्णधारपद मिळाले ते केवळ नवाबीमुळे, असे आमच्याकडील ज्येष्ठ मंडळी म्हणतात. ४० कसोटींत अवघे ९ विजय असताना त्यांना थोर कर्णधार का मानायचे? १९७१ मध्ये त्यांच्या जागी अजित वाडेकर कसे आले? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्याकडील ज्येष्ठांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. १९६२च्या वेस्ट इंडिज दौऱ्यावर पॉली उम्रीगर, विजय मांजरेकर, चंदू बोर्डे असे मुरलेले खेळाडू संघात असूनही उपकर्णधारपद मिळाले ते ३ कसोटी खेळलेल्या पतौडींना. त्यात घराण्याचा वाटा नव्हता, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. त्यांचे वडील इफ्तिखार अली खान यांनी १९४६च्या इंग्लंड दौऱ्यात भारताचे नेतृत्व केले होते. मात्र प्रत्यक्ष कर्णधारपद आले ते अपघाताने. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर आदळून नरी काँट्रॅक्टर गंभीर जखमी झाले आणि ब्रिजटाउनच्या कसोटीत धुरा पतौडींकडे आली.

त्याआधी वर्षभरसुद्धा झाले नव्हते, तोच जुलै १९६१ मध्ये इंग्लंडमधील होव्ह येथे मोटार अपघातात काच घुसून त्यांचा उजवा डोळा जवळजवळ निकामी झाला होता. हैदराबादला एमसीसीविरुद्ध (इंग्लंडचा संघ तेव्हा या नावाने दौऱ्यावर येई) खेळताना त्यांनी त्या डोळ्यात लेन्स घातली, तेव्हा त्यांना सहा-सात इंचांच्या अंतराने दोन चेंडू दिसू लागले. त्यांतला आतला चेंडू खरा मानून ते चहापानापर्यंत खेळले. नंतर लेन्स काढून, तो डोळा मिटून त्यांनी ७० धावांपर्यंत मजल मारली. ही जिद्द काही वारसाहक्काने मिळत नाही. १९३६ मध्ये विजयानगरमचे महाराजकुमार कर्णधार म्हणून इंग्लंडला गेले आणि ३ कसोटींत ३३ धावा करून परतले. निव्वळ घराण्याच्या बळावर कुठवर जाता येते, ते तिथे दिसते.

विजयांच्या आकड्याबद्दल सांगायचे तर, वेगवान गोलंदाजांची वानवा असल्याने फिरकीवरच विसंबायचे आणि त्यासाठी बॅटजवळ निधड्या छातीचे क्षेत्ररक्षक उभे करायचे, हे धोरण पतौडींनी रुजवले. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन या चौघा फिरकीपटूंना त्यांच्या हाताखाली आकार आला. १९६७ मध्ये इंग्लंडमधील लीड्सला फॉलोऑननंतर (मोठ्या पिछाडीमुळे लगेच पुन्हा फलंदाजी करावी लागल्यावर) भारताने ५१० धावा उभारल्या, त्यांत कर्णधाराच्या १४८ होत्या. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये ३-१ असा विजय मिळाला, तो भारताचा परदेशातील पहिला मालिकाविजय. माझ्या मते त्यांचे मोठेपण ९ या आकड्यापेक्षा या घडणीत अधिक आहे.

१९७१च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी निवड समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत वाडेकरांच्या पारड्यात टाकले. वाडेकरांनी त्या वर्षी वेस्ट इंडिज आणि इंग्लंड दोन्हीकडे मालिका जिंकल्या, त्यामुळे निर्णयावर टीका करायला जागाच उरली नाही; पण ज्या फिरकीने इंग्लंड जिंकले तिची मशागत आधीची होती, हेही नमूद केले पाहिजे. त्याच वर्षाअखेर संस्थानिकांचे तनखे आणि किताब रद्द झाले. १९७२-७३ मध्ये पतौडी इंग्लंडविरुद्ध वाडेकरांच्या नेतृत्वाखाली खेळले, ते मन्सूर अली खान या नावाने. १९७४च्या इंग्लंड दौऱ्यातील ०-३ अशा पराभवानंतर वाडेकर निवृत्त झाले आणि निवड समितीला पुन्हा पतौडींकडेच वळावे लागले. क्लाइव्ह लॉइडच्या वेस्ट इंडिज संघाविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून भारताने २-२ अशी बरोबरी साधली. जानेवारी १९७५ मध्ये वानखेडेवरील पहिल्याच कसोटीत मात्र हार पत्करावी लागली आणि मालिका हातची गेली. पतौडींची ती शेवटची कसोटी.