डोइनाला ठेका नको

प्रश्न : मी व्हायोलिन वाजवतो, तालीम हिंदुस्थानी. हल्ली पूर्व युरोपातल्या ज्यूंचं क्लेझमर, म्हणजे त्यांच्या लग्नांत वाजणारं संगीत, सारखं ऐकतो आहे. त्यातल्या जुन्या चाली तरुण श्रोत्यांसाठी नव्या ठेक्यावर बसवायच्या आहेत. किती बदल चालतील?

उत्तर : आधी माझी फजिती ऐका. हे संगीत नवं नवं हाती लागलं, तेव्हा मी एका डोइनाखाली चक्क तबल्याचा लूप टाकला होता. डोइना म्हणजे रुमानियाकडून आलेला, आलापासारखा प्रकार. त्याला ताल नाही. लूप आपला चाललाय आणि मी दर ओळीला सम गाठायला धावतेय! मैत्रीण म्हणाली, "गाडी चुकतेय का तुझी?"

तेव्हा बदल किती यापेक्षा कुठे करता, ते बघा. सूर तुम्हाला परके वाटायचे नाहीत. त्यांच्या 'फ्रेगिश' या स्वरावलीत रिषभ, धैवत, निषाद कोमल आणि गंधार शुद्ध, म्हणजे बसंत मुखारीचेच स्वर. घात तिथेच होतो. बोटं सवयीने मींड घेतात आणि चाल आपल्या वळणावर जाते. इथला जीव आहे 'क्रेख्त्स'मध्ये. शब्दाचा अर्थच कण्हणं. स्वर सुटता सुटता वरच्या बोटाने तारेला ओझरता स्पर्श करायचा आणि गज तिथल्या तिथे थांबवायचा. गळ्यात हुंदका अडकावा तसं ऐकू येतं. मला नीट जमायला वर्ष गेलं.

बेरेगोव्स्की या संशोधकाने सोव्हिएत युक्रेनमध्ये जमवलेल्या चालींची स्वरलिपी छापलेली आहे, ती जरूर घ्या. पण हुंदका कागदावर उतरत नाही, तो कानानेच घ्यावा लागतो. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या तरुणांनी हे संगीत पुन्हा उभं केलं, ते १९२० च्या दशकातल्या तबकड्या झिजवून. नाफ्तुले ब्रँडवाईन आणि डेव्ह टॅरस, दोघांची क्लॅरिनेट ऐकाच. अँडी स्टॅटमन हा तर ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीतातला मँडोलिनवाला. तो थेट म्हाताऱ्या टॅरसपुढे शिकायला बसला. पुढे १९८६ मध्ये न्यूयॉर्कला 'क्लेझमॅटिक्स' हा बँड निघाला. जॅझ, रॉक, काहीच त्यांनी वर्ज्य मानलं नाही. हुंदका मात्र जागेवर ठेवला.

तबकड्यांचं एक बंधन तेवढं पाळू नका. एका बाजूला तीनेक मिनिटंच मावायची, म्हणून चाली तिथे आटोपत्या घेतल्या आहेत. लग्नात नाचणारे थांबेपर्यंत वाजवायचे. 'फ्रेलेख्स', 'बुलगर' या नाचाच्या चाली, त्यांना ड्रम, बेस काय हवं ते द्या. फक्त घरातलं कुणीतरी उठून नाचतंय का ते बघा. सगळे माना डोलावत बसून राहिले, तर लय चुकली समजा.

डोइना मात्र सुटा राहू द्या. खाली हार्मोनियमचा एखादा सूर धरलात तरी पुरे. डोइना संपला की पाठोपाठ नाचाची चाल धरायची त्यांची जुनी रीत आहे. तुमचा लूप तिथे सोडा.